सामायिक बाजारपेठ आणि राष्ट्रीय दुग्धनियमांचे समायोजन : भोर व वेल्हे तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

दूध हा नाशवंत पदार्थ असल्यामुळे त्याची बाजारपेठ दीर्घकाळ गावाच्या आणि जवळच्या शहराच्या परिघातच राहिली. रतीब घालणारा गवळी आणि रतीब घेणारे घर यांच्यातील विश्वास हाच तेथील नियम होता. शीतकरण, दूधभुकटी आणि लोणीतेल यांमुळे हा परिघ विस्तारला आणि दूध एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ लागले. त्याबरोबर प्रत्येक देशाला आपले दुग्धविषयक नियम इतरांच्या नियमांशी जुळवून घेण्याची गरज भासू लागली. युरोपीय समुदायात सामील होणाऱ्या राष्ट्रांना ही जुळवणी करारानेच करावी लागली. भारत कोणत्याही सामायिक कृषी बाजारपेठेचा सदस्य नाही. तथापि १९९५ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक व्यापार संघटनेचे सदस्यत्व आणि देशांतर्गत एकसंध बाजारपेठेची घडण या दोन मार्गांनी भारतीय दुग्धनियमही गेल्या तीन दशकांत आमूलाग्र बदलले आहेत.

प्रस्तुत लेखात या बदलांचे स्वरूप स्पष्ट करून, पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील भोर आणि वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांतील दूध उत्पादकाच्या दृष्टीने त्यांचा अर्थ काय होतो, याचा विचार केला आहे. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड असे झाले असले, तरी पूर्वीच्या सर्व नोंदी जुन्या नावाने असल्यामुळे येथे वेल्हे हेच नाव वापरले आहे. हे दोनच तालुके निवडण्याचे कारण असे की, मोठ्या बाजारपेठेचे नियम सपाट, बागायती प्रदेशातील उत्पादकाला गृहीत धरून लिहिलेले असतात. ते डोंगरात पोहोचल्यावर त्यांची खरी परीक्षा होते.

दोन तालुक्यांचे दुग्धजीवन

२०११ च्या जनगणनेनुसार भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्ह्याची सुमारे ५४ हजार होती. राजगड आणि तोरणा यांच्या पायथ्याचा, गुंजवणी, कानंदी, वेळवंडी आणि नीरा या नद्यांच्या खोऱ्यांचा हा प्रदेश. पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांत कोसळून जातो. खाचरांत भात, वरकस जमिनीवर नाचणी व वरई, आणि माळावर गवत हीच मुख्य पिके. दिवाळीनंतर हिरवा चारा झपाट्याने संपतो. पुढील पावसापर्यंत जनावरांना भाताचा पेंढा आणि कापून ठेवलेले वाळके गवत यांवर दिवस काढावे लागतात.

या प्रदेशाच्या पाण्याचा हिशेब येथेच मांडला पाहिजे. भाटघरचे धरण १९२८ मध्ये पूर्ण झाले. नीरेच्या डाव्या व उजव्या कालव्यांतून त्याचे पाणी पुरंदर, बारामती, इंदापूर, फलटण या भागांत जाते. तेथे ऊस पिकतो, उसाचे वाढे आणि बारमाही हिरवा चारा मिळतो, आणि त्यावर संकरित गाईंचे मोठे गोठे उभे राहिले आहेत. पानशेत आणि वरसगाव ही वेल्ह्याच्या बाजूची धरणे पुणे शहराची तहान भागवतात. खोऱ्यांतील सुपीक जमीन आणि गायराने पाण्याखाली गेली ती भोर-वेल्ह्याची, चारा पिकला तो खालच्या अंगाला. दोन्हीकडचे दूध मात्र एकाच बाजारात, एकाच दरपत्रकावर विकले जाते. बाजारपेठ सामायिक झाली म्हणजे स्पर्धा समान पातळीवर आली, असे जे मानले जाते, त्याची सत्यता तपासण्यास यापेक्षा योग्य उदाहरण क्वचितच मिळेल.

डोंगरमाथ्यावरील पठारांवर गवळी धनगरांच्या वस्त्या आहेत. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी या समाजाच्या पर्यावरणीय जीवनक्रमाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यामुळे तो अभ्यासकांच्या परिचयाचा झाला. म्हशी पाळणे आणि दूध खाली नेणे शक्य नसल्यामुळे त्याचे लोणी व तूप करून खोऱ्यातील बाजारात विकणे, ही त्यांची परंपरागत अर्थव्यवस्था होय. तूप टिकते, वजनाला हलके असते आणि डोक्यावरून डोंगर उतरवता येते. शीतकरण यंत्रे येण्यापूर्वी अंतरावर शोधलेला हा उपाय होता. आजचे नियम त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, हा प्रश्न पुढे येईल.

खोऱ्यातील गावांत सहकारी दूध संस्था आल्यानंतर चित्र बदलले. १९६० मध्ये स्थापन झालेला पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेली कात्रज डेअरी, हा या भागातील दुधाचा प्रमुख सहकारी ग्राहक ठरला. नसरापूर, कापूरहोळ ही महामार्गालगतची ठिकाणे कात्रज घाटाच्या एका बाजूला आणि शहर दुसऱ्या बाजूला, त्यामुळे रस्त्यालगतच्या गावांना दूधधंदा लवकर साधला. दर दहा दिवसांनी मिळणारा 'दुधाचा पगार' हा भाताच्या वर्षातून एकदाच येणाऱ्या उत्पन्नाला मोठा आधार झाला. मात्र रस्त्यापासून जसजसे दूर जावे, तसतसा हा आधार क्षीण होत जातो.

युरोपीय अनुभव

युरोपीय आर्थिक समुदायाने १९६२ पासून समान कृषी धोरण आखले आणि १९६८ मध्ये दुधासाठी सामायिक बाजारव्यवस्था लागू केली. तिचे सूत्र साधे होते. लोणी आणि स्निग्धांशविरहित दूधभुकटी यांना हमी भाव द्यायचा, भाव पडल्यास शासकीय यंत्रणेने माल विकत घ्यायचा आणि बाहेरून येणाऱ्या मालावर कर बसवायचा. परिणामी उत्पादन मागणीच्या पलीकडे गेले आणि गोदामांत लोण्याचे 'डोंगर' साचले. अखेर १९८४ मध्ये प्रत्येक राष्ट्राला दुधाचा कोटा ठरवून देण्यात आला. तो २०१५ मध्ये रद्द झाला.

या लोण्याच्या डोंगराचा आपल्याशी थेट संबंध आहे. १९७० मध्ये सुरू झालेल्या दूधमहापूर योजनेच्या पहिल्या टप्प्यात युरोपीय समुदायाने जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत १ लाख २६ हजार टन दूधभुकटी आणि ४२ हजार टन लोणीतेल भारताला दिले. मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथील दुग्धालयांत त्यापासून दूध तयार करून विकले गेले आणि त्या पैशातून सहकारी दुग्धव्यवसायाची उभारणी झाली. युरोपच्या सामायिक बाजारपेठेने निर्माण केलेले आधिक्य भारतीय सहकाराचे भांडवल ठरले. फुकट आलेली भुकटी देशी दुधाचे भाव पाडण्यासाठी न वापरता ती बाजारभावाच्या जवळपास विकून निधी उभारणे, हा निर्णय राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने घेतला नसता, तर त्याच भुकटीने गावोगावचे गोठे रिकामे केले असते.

नव्या सदस्य राष्ट्रांनी आपले नियम कसे जुळवून घेतले, याची दोन उदाहरणे पाहू. ब्रिटन १९७३ मध्ये सामील झाला, तेव्हा तेथे १९३३ पासून दूध पणन मंडळ अस्तित्वात होते. सर्व उत्पादकांचे दूध या मंडळाने घ्यायचे आणि सर्वांना समान दर द्यायचा, अशी पद्धत होती. स्पर्धेच्या समान नियमांत अशी मक्तेदारी बसत नव्हती. तरीही ब्रिटनच्या आग्रहामुळे आणि उत्पादकांचे मतदान घेऊन ती १९७८ नंतरही चालू ठेवण्यास मुभा मिळाली. इंग्लंड व वेल्समध्ये ती १९९४ मध्ये संपली. म्हणजे प्रवेश १९७३ चा आणि जुन्या संस्थेचा शेवट २१ वर्षांनी.

ब्रिटनच्या प्रवेशानंतर आणखी एक गोष्ट घडली, तिचे महत्त्व आपल्या दृष्टीने अधिक आहे. १९७५ मध्ये समुदायाने डोंगरी व प्रतिकूल प्रदेशांसाठी स्वतंत्र निर्देश काढला. उंची, उतार आणि अल्प हंगाम यांमुळे ज्या शेतकऱ्याचा खर्च जास्त येतो, त्याला जनावरांच्या संख्येनुसार भरपाई देण्याची तरतूद त्यात होती. बाजार एक करायचा असेल, तर भूगोलाने लादलेला जादा खर्च कोणीतरी सोसला पाहिजे, हे तत्त्व तेथे मान्य झाले.

दुसरे उदाहरण पोलंडचे. २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात आला, तेव्हा तेथे दोन-चार गाई बाळगणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी होती. आपल्या परिस्थितीशी याचे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. पोलंडला सुमारे ९० लाख टनांचा कोटा मिळाला. कच्च्या दुधात प्रतिमिलिलिटर १ लाखापेक्षा अधिक जिवाणू आणि ४ लाखांपेक्षा अधिक कायिक पेशी नसाव्यात, ही युरोपीय अट मात्र सर्व उत्पादकांना तात्काळ पाळणे शक्य नव्हते. म्हणून ठरावीक दुग्धालयांना २००६ अखेरपर्यंत संक्रमणकाळ देण्यात आला. या काळात अशा दुग्धालयांचा माल देशातच विकायचा, इतर सदस्य राष्ट्रांत पाठवायचा नाही, असे बंधन होते. पुढे लागू झालेल्या स्वच्छताविषयक नियमांतही, उत्पादकाने थोड्या प्रमाणात थेट ग्राहकाला किंवा स्थानिक दुकानाला विकलेला प्राथमिक माल वगळण्यात आला आणि पारंपरिक पद्धतीने बनणाऱ्या पदार्थांसाठी सदस्य राष्ट्रांना सवलत ठेवता येईल, अशी सोय करण्यात आली. ही सवलत प्रत्येक देशाने स्वतः मागून, लेखी कळवून घ्यावयाची असते. ती आपोआप मिळत नाही.

भारतीय नियमांचे परिवर्तन

भारतातील दुग्धव्यवसाय प्रारंभी परवाना पद्धतीखाली होता. १९९१ च्या उदारीकरणानंतर खाजगी दुग्धालयांची संख्या वाढू लागली, तेव्हा ९ जून १९९२ रोजी अत्यावश्यक वस्तू अधिनियमाखाली दूध व दुग्धजन्य पदार्थ आदेश काढण्यात आला. दररोज १० हजार लिटरपेक्षा जास्त दूध हाताळणाऱ्या प्रकल्पांना नोंदणी सक्तीची झाली आणि प्रत्येकास दूध संकलनाचे क्षेत्र नेमून देण्याची पद्धत आली. सहकारी संघाने कष्टाने उभे केलेले संकलन क्षेत्र दुसऱ्याने अलगद उचलू नये, हा त्यामागील हेतू होता. २६ मार्च २००२ च्या दुरुस्तीने ही क्षेत्रविभागणी रद्द झाली. देशांतर्गत दुधाची बाजारपेठ त्या दिवशी खऱ्या अर्थाने खुली झाली, असे म्हणता येईल.

या बदलाचे डोंगरी तालुक्यांवरील परिणाम दुहेरी आहेत. महामार्गालगतच्या गावांत एकापेक्षा अधिक खरेदीदार आल्यास उत्पादकाला दर पडताळून पाहता येतो. आतल्या खोऱ्यांत मात्र गाडीचे भाडे आणि संकलनाचे अल्प प्रमाण यांमुळे खाजगी खरेदीदाराला रस राहत नाही. तेथे जाणे ही केवळ सहकारी संघाची जबाबदारी उरते. सोपे दूध स्पर्धकाने उचलल्यावर कठीण दुधाचा वाहतूक खर्च संघाला परवडेनासा होतो. क्षेत्रविभागणी असताना सोप्या व कठीण गावांचा खर्च एकत्र धरला जात असे. ती गेल्यावर हा अंतर्गत आधार नाहीसा झाला आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही.

सीमेवरील नियमांची कथा अधिक नाट्यमय आहे. गॅटच्या जुन्या करारांत भारताने दूधभुकटीवरील आयातशुल्क शून्यावर बांधून घेतले होते. त्या काळी परवान्याशिवाय आयातच होत नसल्यामुळे ही बाब कोणाच्या ध्यानात राहिली नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार संख्यात्मक निर्बंध उठवण्याची वेळ आली, तेव्हा दार सताड उघडे असल्याचे लक्षात आले. गॅटच्या अठ्ठाविसाव्या कलमाखाली पुन्हा वाटाघाटी करून भारताने दरवर्षी १० हजार टन भुकटी १५ टक्के शुल्काने आणि त्यापुढील आयात ६० टक्के शुल्काने, अशी रचना मान्य करून घेतली. १ एप्रिल २००१ रोजी उर्वरित संख्यात्मक निर्बंध उठले, त्याआधी ही दुरुस्ती झाली, हे आपले सुदैव. अर्थात अशी सवलत फुकट मिळत नाही. बदल्यात इतर वस्तूंवर सूट द्यावी लागते.

हाच १० हजार टनांचा आकडा पुढे महाराष्ट्रात गाजला. टाळेबंदीमुळे हॉटेले आणि मिठाईची दुकाने बंद असताना, जून २०२० मध्ये केंद्र शासनाने १५ टक्के शुल्काने एवढी भुकटी आयात करण्यास परवानगी दिली. गाईच्या दुधाचे दर कोसळलेलेच होते आणि राज्यात आंदोलने झाली. जून २०२४ मध्ये पुन्हा तशीच परवानगी देण्यात आली. देशाचे २०२३-२४ चे दूध उत्पादन सुमारे २३ कोटी ९० लाख टन असताना १० हजार टन भुकटी म्हणजे समुद्रात थेंब, असा युक्तिवाद केला जातो. तो आकड्यांच्या दृष्टीने बरोबर असला, तरी बाजाराच्या दृष्टीने अपुरा आहे. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर हा भुकटी आणि लोण्याच्या भावाला बांधलेला असतो, आणि भुकटीचा व्यापारी आयातीच्या केवळ बातमीनेही खरेदी थांबवतो.

प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी करारातून भारत ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बाहेर राहिला, त्यामागे दूध हे एक प्रमुख कारण होते. त्या गटातील न्यूझीलंड आपल्या दुग्धोत्पादनाचा बहुतांश भाग निर्यात करतो. त्यानंतर ऑस्ट्रेलिया (२०२२), युरोपीय मुक्त व्यापार संघ (२०२४) आणि ब्रिटन (२०२५) यांच्याशी झालेल्या करारांतही दुग्धक्षेत्र सवलतींबाहेर ठेवण्यात आले. म्हणजे सीमेवरचे दार अद्याप बहुतांशी बंद आहे. परंतु दाराआतील नियम मात्र आंतरराष्ट्रीय साच्यात घातले गेले आहेत. दुग्धनियमांच्या समायोजनाची चर्चा आयातशुल्कापुरती मर्यादित ठेवणारे अभ्यासक हा दुसरा भाग दुर्लक्षितात.

प्रमाणके आणि दरपत्रक

१९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियमाखाली दुधाची प्रमाणके राज्यागणिक वेगळी होती. महाराष्ट्रात गाईच्या दुधासाठी ३.५ टक्के स्निग्धांश व ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ, तर म्हशीच्या दुधासाठी ६ व ९ टक्के ही किमान पातळी होती. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ हा ऑगस्ट २०११ मध्ये अंमलात आल्यानंतरही काही काळ हीच राज्यवार विभागणी राहिली. पुढे प्राधिकरणाने गाईच्या दुधासाठी संपूर्ण देशाला ३.२ व ८.३ अशी एकच पातळी लागू केली. म्हशीच्या दुधाबाबत राज्यवार फरक टिकला आणि महाराष्ट्रात ६ व ९ हेच प्रमाण कायम आहे.

कायद्याची पायरी अशी खाली आली, परंतु दरपत्रकाची आली नाही. जुलै २०२३ मध्ये राज्य शासनाने गाईच्या दुधाला किमान ३४ रुपये दर ठरवून दिला, तो ३.५ व ८.५ या प्रतीसाठीच होता. दोहोंतील हे अंतर कागदावर किरकोळ दिसते. गोठ्यात त्याचा अर्थ काय होतो, ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा ३.५ व ८.५ या प्रतीस लिटरला ३० रुपये दर आहे आणि एखाद्या गाईचे दूध ३.३ व ८.२ लागले. स्निग्धांशाचे दोन आणि घनपदार्थांचे तीन, असे पाच पॉइंट कमी झाले. प्रत्येक पॉइंटमागे ३० पैसे कपात असेल, तर दर २८ रुपये ५० पैसे पडेल. परंतु खरेदीदाराने घनपदार्थांच्या पॉइंटमागे एक रुपया कापला, तर तोच दर २६ रुपये ४० पैसे होतो. रोज ८ लिटर दूध घालणाऱ्या घराला दहा दिवसांच्या पगारात यामुळे १६८ रुपयांचा फरक पडतो. त्याच रकमेत पेंडीच्या पोत्याचा काही भाग येतो. शिवाय ८.२ हे राष्ट्रीय किमान पातळीखाली असल्यामुळे असे दूध नाकारण्याचा अधिकारही खरेदीदाराकडे राहतो.

दुधाची प्रत चाऱ्यावर अवलंबून असते. पावसाळ्यातील कोवळ्या, पाणीदार गवताने स्निग्धांश घटतो. उन्हाळ्यात केवळ पेंढ्यावर ठेवलेल्या जनावराच्या दुधात घनपदार्थ कमी पडतात. कालव्याखालच्या गोठ्यात वर्षभर चाऱ्याचा समतोल राखता येतो. भोरच्या पश्चिम भागात तो विकत घ्यावा लागतो आणि घाटरस्त्याने आणावा लागतो. एकच प्रमाणक दोन्ही ठिकाणी लावल्याने कायद्यापुढे समानता येते, पण तिची किंमत दोघांना सारखी मोजावी लागत नाही.

म्हशीच्या दुधाबाबत एक वेगळा मुद्दा आहे. स्थानिक म्हशी दूध कमी देतात, पण त्यांच्या दुधात स्निग्धांश भरपूर असतो आणि त्या हलक्या चाऱ्यावर तग धरतात. दर केवळ लिटरवर आणि किमान पातळीवर ठरला, तर त्यांचा हा गुण वाया जातो. तो स्निग्धांशाच्या प्रत्येक पॉइंटवर ठरला, तर उपयोगी पडतो. डोंगरी प्रदेशाच्या दृष्टीने दरपत्रकाची ही रचना आयातशुल्काइतकीच महत्त्वाची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

परवाना, कॅन आणि चार तास

२०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांनी लहान अन्न व्यावसायिकाची व्याख्या केली. वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेले किंवा रोज ५०० लिटरपर्यंत दूध हाताळणारे व्यावसायिक तीत येतात. त्यांनी परवान्याऐवजी केवळ नोंदणी करावयाची होती आणि शुल्क वर्षाला १०० रुपये होते. नोंदणीकृत सहकारी दूध संस्थेचा सभासद असलेला आणि आपले संपूर्ण दूध त्या संस्थेला देणारा उत्पादक या नोंदणीतूनही मुक्त ठेवण्यात आला. शिवाय मूळ अधिनियमाच्या अठराव्या कलमानुसार शेतकरी व शेतावरील उत्पादन यांना हा कायदा लागू होत नाही. वरवर पाहता लहान उत्पादकाची चांगली काळजी घेतलेली दिसते.

अडचण 'संपूर्ण' या शब्दात आहे. वेल्ह्याच्या पठारावरील कुटुंब पावसाळ्यात, ओढे भरलेले असताना, दूध खाली नेऊ शकत नाही. त्या काळात ते विरजण लावते, लोणी काढते, तूप कढवते. उन्हाळ्यात रस्ता चालू झाल्यावर तेच कुटुंब संस्थेला दूध घालते. असे कुटुंब संपूर्ण दूध देणारे सभासद ठरत नाही. तूप हा प्रक्रिया केलेला पदार्थ असल्यामुळे शेतकऱ्यासाठीची सूटही त्याला मिळेल, असे खात्रीने म्हणता येत नाही. काटेकोर वाचन केल्यास ते तूप विकताना ते कुटुंब उत्पादक व्यावसायिक ठरते आणि त्यास नोंदणी, स्वच्छतेच्या अटी व वेष्टनावरील मजकूर यांचे बंधन येते. शंभर रुपये ही फार मोठी रक्कम नव्हे. पण अर्ज, छायाचित्र, ओळखपत्र आणि तालुक्याच्या गावी किंवा पुण्याला घालावे लागणारे हेलपाटे यांची किंमत कोणत्याही शुल्कतक्त्यात नसते. परिणामी असे तूप ओळखीच्या घरांत बिनपावतीचे विकले जाते आणि दुकानाच्या फळीवर परगावचे वेष्टित तूप येते. गावकीतील तुपाची प्रतिष्ठा आणि कायद्यातील त्याचे स्थान यांत इतके अंतर असावे, हे थोडे चमत्कारिकच आहे.

स्वच्छतेच्या परिशिष्टातील दोन तरतुदी येथे विशेष विचारात घ्याव्या लागतात. उत्पादकाने धार काढल्यापासून चार तासांच्या आत दूध दुग्धालयात पोहोचवावे आणि ते शक्य तितक्या लवकर ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली थंड करावे, ही पहिली. दुधासाठी साध्या लोखंडाचे व प्लॅस्टिकचे कॅन वापरू नयेत, ही दुसरी. दोन्ही अटी शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहेत. दुधातील जिवाणूंची वाढ पहिल्या काही तासांतच निर्णायक ठरते, आणि ओरखडे पडलेल्या प्लॅस्टिकच्या भांड्यातील कोपरे धुऊन निघत नाहीत. परंतु मोटारसायकलवर घाट उतरणाऱ्याला प्लॅस्टिकचा कॅन हलका व स्वस्त पडतो, स्टेनलेस स्टीलचा परवडत नाही. गावातच शीतकरण टाकी बसवली, तर चार तासांची अट सहज पाळली जाते. पण त्या टाकीला पुरेसे दूध आणि अखंड वीज लागते. पावसाळ्यात या खोऱ्यांत वीज कितीदा जाते, हे तेथे राहणाऱ्यास सांगण्याची गरज नाही.

विषाचा अंश आणि कानातील बिल्ला

युरोपीय बाजारपेठेत भारतीय दूध पोहोचत नाही, याचे कारण केवळ आयातशुल्क नव्हे. लाळ्या-खुरकुताचा प्रादुर्भाव, औषधांच्या अंशांवरील अपुरे नियंत्रण आणि बुरशीजन्य विष अफ्लाटॉक्सिन एम-१ ही त्यामागची कारणे होत. या विषाची मर्यादा आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेत प्रतिकिलो ०.५ मायक्रोग्रॅम आहे आणि भारताने तीच स्वीकारली आहे. युरोपीय संघाची मर्यादा तिच्या दहापट कडक, म्हणजे ०.०५ मायक्रोग्रॅम आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून घेतलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकी सुमारे ५.७ टक्के नमुने भारतीय मर्यादेपलीकडे गेले होते.

हे विष दुधात पाण्यातून किंवा भांड्यातून येत नाही. बुरशी लागलेली सरकी पेंड, शेंगदाण्याची पेंड किंवा मक्याचा भरडा जनावराने खाल्ला, की ते दुधात उतरते. दूध उकळल्याने ते जात नाही. भोर-वेल्ह्याच्या दमट हवेत जमिनीवर ठेवलेले पेंडीचे पोते किती लवकर बुरसटते, हे लक्षात घेता लाकडी फळ्यांवर पोती रचणे आणि पावसाळ्यात थोडी थोडी पेंड आणणे एवढ्यानेही बराच फरक पडू शकतो. युरोपला माल पाठवायचा म्हणून नव्हे, तर तेच दूध आपल्या घरातील लेकरे पितात म्हणून हे करावयाचे आहे. परकीय प्रमाणकांविषयी आपल्याकडे जी सरसकट नाराजी व्यक्त होते, तिच्यात हा भेद केला जात नाही.

जनावरांच्या कानातील बारा अंकी बिल्ला हेही असेच एक आयात तत्त्व. गाईंच्या मेंदूरोगानंतर युरोपने प्रत्येक जनावराचा माग ठेवणे सक्तीचे केले. भारतात २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाबरोबर बिल्ला मारण्याचे काम वेगाने झाले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये आणि नंतर ७ रुपये अनुदान जाहीर केले, तेव्हा बिल्ल्याची संगणकीय नोंद ही त्याची अट ठेवली. रोगनियंत्रणाचे साधन अशा रीतीने पैसे मिळण्याचे दार झाले. ज्या वस्तीवर पशुवैद्यक वेळेत पोहोचला, तिला अनुदान मिळाले. जेथे जनावरे रानात आणि भ्रमणध्वनीचा संपर्क नाही, तेथे नोंद राहिली. शिवाय हे अनुदान गाईच्या दुधालाच होते, म्हशीच्या नव्हे. पठारावरील गवळ्याची म्हैस त्यात बसलीच नाही.

संक्रमणकाळाचा प्रश्न

ब्रिटन आणि पोलंड यांच्या उदाहरणांत एक समान सूत्र दिसते. मोठ्या बाजारपेठेत जाताना त्यांनी तीन गोष्टी मागून घेतल्या : जुन्या संस्थांना मुदत, लहान उत्पादकांना मर्यादित सूट आणि डोंगरी प्रदेशाला खर्चाची भरपाई. भारताने सीमेवर शुल्काची भिंत राखली, परंतु देशांतर्गत नियम बदलताना या तिन्ही गोष्टी मागण्याचा प्रसंगच आला नाही, कारण समोर वाटाघाटी करणारा दुसरा पक्ष नव्हता. क्षेत्रविभागणी २००२ मध्ये एका दुरुस्तीने गेली. तिच्यासाठी मतदान झाले नाही. सह्याद्रीच्या डोंगरी भागासाठी पश्चिम घाट विकास कार्यक्रम १९७० च्या दशकात सुरू झाला. पण त्याचा भर सार्वजनिक कामांवर राहिला. दुधाच्या लिटरमागे वाहतूक खर्चाची भरपाई हे त्याचे स्वरूप कधीच नव्हते.

सुधारणा करावयाची तर ती कोठे शक्य आहे, हे यावरून दिसते. आतल्या खोऱ्यांतील संकलन मार्गांना अंतरानुसार वाहतूक साहाय्य देणे राज्याच्या हाती आहे, आणि त्याचा खर्च दरवर्षी आंदोलनानंतर जाहीर होणाऱ्या सरसकट अनुदानाच्या तुलनेत अल्प असेल. शीतकरण टाक्यांना सौरऊर्जेची जोड देणे, तसेच संस्थेमार्फत स्टीलचे कॅन हप्त्याने पुरवणे ही संघाच्या आवाक्यातील कामे आहेत. घनपदार्थांच्या पॉइंटमागील कपातीला मर्यादा घालून ती दरपत्रकाबरोबर संकलन केंद्रावर लावणे, याला तर पैसाही लागत नाही. तुपाबाबत मात्र केंद्रीय विनियमातच बदल आवश्यक आहे. सहकारी संस्थेच्या सभासदासाठी असलेल्या सवलतीतील 'संपूर्ण दूध' या शब्दांऐवजी 'संकलन उपलब्ध असलेल्या काळातील दूध' असे शब्द घातले आणि उरलेल्या काळात घरी केलेल्या तुपाची नोंदणी त्याच संस्थेच्या नावावर सामूहिक रीतीने होऊ दिली, तर पठारावरील तुपाची तपासणीही होईल आणि त्यास पावतीही मिळेल. तालुक्यातील दूध संस्थांच्या वार्षिक सभांत अशा मागणीचा ठराव होऊन तो संघामार्फत प्राधिकरणाकडे जाऊ शकतो. विनियमांच्या मसुद्यांवर प्राधिकरण हरकती व सूचना मागवते, त्यांची मुदत ठरलेली असते, आणि त्या मुदतीत डोंगरी तालुक्यांतून सूचना जाण्यास कोणतीही आडकाठी नाही.